शंभर वर्षं टिकणारा फोटो

शालूबाईंनी पिशवीतून फ्रेम काढून उदयसिंहच्या फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवली. फौजी वर्दीतला तरणा माणूस. तीन वर्षांपूर्वी हा फोटो उदयसिंहनंच छापून दिला होता, तेव्हा तो चांगला काळापांढरा होता. आता गाल गुलाबी झाले होते आणि मिशी हिरवट.

“रंगपंचमी खेळून आल्यागत दिसत्यात,” शालूबाई म्हणाल्या. “आनि मूळचा फोटू वाळवीनं खाल्ला. आता तुमच्या कम्प्युटरात हायती तेवढंच.”

उदयसिंहला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या वडिलांनी अंधाऱ्या खोलीत धुतलेले फोटो वाईतल्या भिंतींवर पन्नास वर्षं ठणठणीत होते आणि याचे तीन वर्षांत पोपट होत होते. चूक त्याचीच. रंगीत शाया एकत्र करून त्यानं काळा काढला होता, आणि त्यातली एकेक शाई आपल्या मर्जीनं उडून गेली.

“आता रंगीत शाईच ठेवली नाही, मावशी. नुसती काळी आणि करडी. काजळीची.”

त्यानं खिडकीच्या काचेला लावलेला एक फोटो काढून आणला. अर्ध्यावर पुठ्ठा होता, अर्धा सोळा महिने उन्हात. पुठ्ठा काढला तर दोन्ही अर्धे सारखे. शालूबाईंनी दोन्हींवरून बोट फिरवून खात्री करून घेतली. माणूस एकदा फसला की नुसत्या डोळ्यांवर भागत नाही.

प्रिंटरमधून जाड सुती कागद सावकाश सरकू लागला. आधी टोपी आली, मग कपाळ, मग डोळे. शालूबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या.

“घ्या. आता शंभर वर्षं काही होत नाही याला.”

“शंभर?” त्या फोटोकडं बघत राहिल्या. “तवा ह्यास्नी वळखनारं कोन आसंल वो?”

याचा विचार उदयसिंहनं केला नव्हता. त्यानं फोटो पालथा केला आणि पेन्सिल घेतली.

“मागं नाव लिहून ठेवतो. सांगा.”

शालूबाईंचा हात सवयीनं बटव्याकडं गेला. बँकेत, दवाखान्यात, कुठंही नवऱ्याचं नाव विचारलं की त्या आपलं आधारकार्ड पुढं सरकवत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर ते नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. वाईतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उदयसिंहनं कार्डासाठी हात पुढं केला.

कार्ड अर्धं बाहेर आलं आणि तिथंच थांबलं.

“ऱ्हाऊ द्या,” शालूबाई म्हणाल्या. “कार्डावर त्ये माजं मालक म्हनून हायती. हितं फोटूत त्ये सोता हायती.”

त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“गुंडा. गुंडा बाळू साळुंखे. नीट लिवा, पुन्यांदा न्हाई घ्यायची मी.”