एका माणसाचा कुकर

"किती माणसं घरात?" दीपकने विचारलं.

"एक," आकांक्षा म्हणाली.

"एक," रखमाही म्हणाली, त्याच दमात.

दीपक खूश झाला. लालबागेत भांड्यांचं दुकान चालवायचं म्हणजे सासवा-सुनांच्या तासतासभराच्या हुज्जती ऐकायच्या. इथं तर आल्या आल्या एकमत! त्याने स्टुलावर चढून दोन लिटरचे कुकर खाली काढले आणि काउंटरवर मांडले.

वैभव गेल्यापासून दोघी पहिल्यांदाच बरोबर बाजारात आल्या होत्या. वैभव रखमाचा मुलगा, आकांक्षाचा नवरा. शनिवारी आकांक्षाचा भाऊ टेम्पो घेऊन येणार होता. ठाण्याला, आपल्या घराजवळ, त्याने तिच्यासाठी खोली बघून ठेवली होती. रखमानेच आधी म्हटलं होतं, जा म्हणून. मग कोणी रडलं नाही की भांडलं नाही. घरात बोलण्यापेक्षा भांड्यांचेच आवाज जास्त व्हायचे.

पलीकडच्या गल्लीत मिरची कांडत होते. त्याचा खकाणा थेट दुकानात आला आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एकीने पदराने पुसलं, एकीने ओढणीने.

"हा आतल्या झाकणाचा, तिरकं करून घालायचं. हा बाहेरच्या. नुसतं ठेवायचं आणि फिरवायचं," दीपक म्हणाला.

आकांक्षाने बाहेरच्या झाकणाचा कुकर रखमापुढे सरकवला. "आई, लावून बघा."

रखमाची बोटं सांध्यांत वाकडी झालेली. तिने झाकण ठेवलं, फिरवलं. ते अर्ध्यावर अडलं. पुन्हा जोर लावला तरी तिथेच.

"नवीन आहे मावशी, रिंग कडक असते. तेलाचं बोट फिरवा, मग बघा कसं लोण्यासारखं बसतं."

रखमाने कुकर सुनेकडे ढकलला. "तू लाव बघू."

आकांक्षाने फिरवलं. खट्.

"बसला! ह्योच घेऊया," रखमा म्हणाली.

"अहो, पण तुम्हाला कुठे बसलं?"

"माझा काय, गो?" रखमाने झाकण काढायला लावलं आणि आत डोकावून बघितलं. "आणि वरण खंय लावायचा ह्याच्यात?"

"एकच डबा मावतो, मावशी. एकट्या माणसाला काय लागतं? खिचडी टाकायची, दोन शिट्ट्या, जेवण तयार."

"रोज खिचडी?" रखमाने विचारलं.

दीपक हसला. त्या दोघी हसल्या नाहीत. रखमा आकांक्षाकडे बघत होती आणि आकांक्षा रखमाकडे. दोघींनाही एकमेकींची दया आली.

दीपकने नाव घालायचं मशीन हातात घेऊन चालू केलं. "आधीच सांगतो हां, एकदा नाव घातलं की माल परत घेत नाही. मग नंतर येऊन कटकट नको. काय घालू?"

"रखमा," आकांक्षा म्हणाली.

"आकांक्षा," रखमा म्हणाली.

मशीनची घरघर थांबली. दीपकने मान वर केली. "कुणातरी एकीचं सांगा."

"आई, कुकर तुमच्यासाठी घेतोय," आकांक्षा म्हणाली. "मी गेल्यावर तो मोठा कुकर कसा उचलणार तुम्ही?"

"माका कित्याक? माझ्याकडे वैभवचो आसा." घरातल्या सगळ्याच भांड्यांवर वैभवचं नाव होतं, अगदी चमच्यांवरसुद्धा. "तुका त्या नव्या खोलीत एकटीक लागतलो, म्हणान मी इलंय हयसर. तुझ्यासाठीच बघतंय कधीपासून."

"वैभवच्या कुकरचं झाकण तुम्हाला बसत नाही."

"नाय बसला तर नाय. टोपात शिजता भात."

आकांक्षाला राग आला. कितीतरी दिवसांनी मनात काहीतरी आलं, ते हे. "म्हणजे टोपात भात खालून करपणार, वरून कच्चा राहणार, तो तुम्ही तसाच गिळणार आणि कोणाला सांगणार पण नाही. असंच ना?"

"कोणाक सांगायचा?" रखमाने विचारलं.

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. बाहेर बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

आकांक्षाने झाकण कुकरवर ठेवलं आणि कुकर बाजूला सारला.

"दोन डबे मावतील असा दाखवा."

"म्हणजे माणसं किती, ताई?"

"दोन डबे म्हटलं ना. एकात भात, एकात वरण."

दीपक मुकाट्याने पुन्हा स्टुलावर चढला. तेवढ्यात आकांक्षाने पर्समधून मोबाइल काढला. भावाचा सकाळचा मेसेज अजून तसाच पडून होता, टेम्पोवाल्याला काय सांगू म्हणून. तिने लिहिलं, 'दादा, या शनिवारी नको.' पुढे आणखी काहीतरी लिहायला हवं होतं. तिने लिहिलं नाही, तेवढंच पाठवलं आणि मोबाइल रखमाला वाचायला दिला.

रखमाने तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि परत दिला.

दीपकने तीन लिटरचा कुकर पुसून काउंटरवर ठेवला, मशीन उचललं. "आता बोला. नाव?"

"आत्ता नको," आकांक्षा म्हणाली. "आधी वापरून बघतो."

"तेही बरं. नाव नसलं की महिन्याभरात कधीही परत आणा."

रखमाने पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"वापरून बघूक म्हयनो खूप झालो," ती म्हणाली.