फाटकावरची बेल

वर्षभर एकत्र राहिलेल्या दोघी मैत्रिणी घर रिकामं करत होत्या. त्यातल्या रात्रपाळीच्या नर्सनं फाटकावरचं बेलचं बिनतारी बटण काढून आणलं आणि सहज दाबलं. भिंतीवरची बेल घणघणली. “एवढ्यानंही मला जाग आली नाही बघ,” ती म्हणाली. “त्या दुपारी फोन बंद, मी मेली ढाराढूर झोपलेली. दादा बेल दाबून दाबून परत गेला, आईचं शेवटचं दर्शन हुकलं. तेव्हापासून झोपायचीच धास्ती घेतलीय.” बेकरीत काम करणारी मैत्रीण खोक्याला दोरी आवळत राहिली. त्या दुपारच्या आदल्या संध्याकाळी मालिका चुकू नये म्हणून तिनंच बेलचे सेल काढून रिमोटला घातले होते. नर्स आईचे दिवस करून परतायच्या आत ते गुपचूप परत बसवलेही होते. नर्सनं बेल उतरवून तिच्या हातात ठेवली. “तूच घेऊन जा. तुझी झोप सावध आहे.” तिनं ती आपल्या पिशवीत टाकली.