पाटाचं तोंड

सकाळी पाटाच्या काठानं चालताना लोटनला पाण्यात उतरलेला काळा पाइप दिसला. वर बांधावर चुडामणचं डिझेल इंजिन धडधडत होतं. पाणी त्याच्या एकट्याच्या उसात चाललं होतं.

लोटन गावाचा पाटकरी. पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून येणारं पाणी साऱ्या शेतांना त्याच्याच हातानं मिळायचं. आपल्या शेताला कोणी स्वतः पाणी फोडायचं नाही, अशी रीत. त्या वर्षी नदी रोडावली होती. गावानं बसून ठरवलं होतं, ऊस कोणी लावायचा नाही, असेल ते पाणी गव्हाला. चुडामणनं तरी लावला होता.

"इंजिन बंद कर, भाऊ," लोटन म्हणाला.

"पाट बठ्ठास्ना शे ना, साऱ्या गावना? मंग मना नही का?"

"तुना बी शे. तुना एखलाना नही."

चुडामण हसला. "जाय, सांग गावले."

लोटननं सांगितलं. गाव फावडी, टोपल्या घेऊन आलं. तरणा हिलाल कुदळ उगारून इंजिनाकडे धावला, पण भिकुबाईनं त्याचा हात धरला.

"इंजिनले हात लावू नको."

भिकुबाईचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला. गहू ओंबीवर आलेला, आणि आज पाण्याची पाळी तिचीच. ती इंजिनावरून तशीच पुढे बंधाऱ्याकडे गेली, पाटाच्या तोंडाशी पाण्यात उतरली आणि मातीची पहिली टोपली तिनं टाकली.

"अक्का, तुना गहू वाळी जाई!" लोटन ओरडला.

"वाळू दे. एखलाना उसमा जास तो पाट बंदच बरा."

मग हिलालनं दगड उचलला. मग सगळेच उतरले. पाटाचं तोंड बुजलं आणि पाणी बंधाऱ्यावरून नदीत जाऊ लागलं. ते वाहून जाताना बघवत नव्हतं. पुना म्हातारा तर तिकडे पाठ करून बसला. पण उठून घरी कोणी गेलं नाही.

पाट ओसरला. इंजिन हवा ओढू लागलं, गुरगुरलं, बंद पडलं. नदी चुडामणच्या शेतापासून लांब, पाइप तिथवर पुरणारा नव्हता. तो तावातावानं बंधाऱ्यावर आला.

"फौजदारले आनस मी!"

"आन," भिकुबाई म्हणाली. "आम्ही आठेच शेतस, बंधारावर."

चुडामणची नजर गावकऱ्यांच्या ओळीवरून फिरली आणि एका जागी अडकली. त्याचा सख्खा भाऊ गुडघाभर चिखलात उभा होता.

"चिंधा, तू बी?"

चिंधानं मान वर केली नाही. हातातला दगड त्यानं ढिगात नीट बसवला.

ऊन कललं तेव्हा चुडामण पुन्हा आला. पाइप त्याच्या खांद्यावर होता. तो त्यानं काठावर टाकला.

"काढं मी इंजिन. आते तरी सोडा पानी."

भिकुबाई मातीच्या ढिगावर बसली होती, ती तशीच बसून राहिली.

"खाले उतर. तुना हात लागाबिगर हाई माती निंघाव नही."

चुडामण काठावर उभाच राहिला. खाली कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त चिंधा जरासा बाजूला सरकला आणि ओळीत एका माणसापुरती जागा झाली.

चुडामणनं वहाणा काढल्या.