टोमॅटोवरचे खळगे

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहायचे. त्यांनी गॅलरीत टोमॅटो लावले होते, पण त्या वर्षी एकूण एक फळ वेडंवाकडं आलं. मी फोटो काढून नर्सरीवाल्या काकांना दाखवला.

"कळ्या धरताना गारठा पडला असेल," ते म्हणाले. "दोन-तीन फुलं एकमेकांना चिकटतात, मग फळाला अशा घड्या पडतात. चवीला काही होत नाही. खुशाल खा."

हे सांगायला गेले, तर बाबा खुर्ची टाकून झाडाजवळच बसले होते. मी एक टोमॅटो हातात घेतला. एका बाजूला चार खळगे, दुसऱ्या बाजूला एक. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. सहज बोटं ठेवून पाहिली; खळगे माझ्या बोटांपेक्षा नाजूक होते.

"बाबा, यांना कोणी हात लावतं का?"

"थांब जरा. बघ."

लिंबाएवढ्या एका हिरव्या टोमॅटोची साल माझ्या डोळ्यांदेखत आत जाऊ लागली. एकामागून एक चार खळगे पडले, मग पलीकडून अंगठ्याएवढा पाचवा.

बाबा पुढे झुकले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"अगं, हळू," ते म्हणाले. "कच्चा आहे तो अजून."