पाण्याचा दिवस

रेणुकादास मास्तर भाजी घेऊन परतले, तर शेजारच्या बसलिंगप्पांचं दार भरदिवसा बंद. हवालदार येऊन गेला होता. तक्रार मास्तरांच्याच मुलानं, मुकुलनं केली होती, मोबाईलवरूनच. शेजारी नळाला मोटर लावून सगळ्यांचं पाणी ओढतो, वर शिवीगाळ करतो, सोबत व्हिडिओ. यापुढं मोटर लावणार नाही, असं बसलिंगप्पांनी लिहून दिलं होतं.

"अरे, शिव्या तर मी पण देतो की," मास्तर म्हणाले.

मुकुलनं आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. आठ दिवसांनी नळ आला की तुमचं दोघांचं सुरू होतं आणि आत मीटिंगमध्ये माझे हात कापायला लागतात, असं त्यानं सांगितलं. चार महिन्यांपासून गोळ्या सुरू होत्या. मास्तरांना हे आजच कळत होतं.

"तुम्ही भांडून मोकळे होता, बाबा. मला दोन दिवस घास उतरत नाही."

बावीस वर्षं असंच चाललं होतं. मास्तरांची बायको विमल गेली तेव्हा तेरा दिवस बसलिंगप्पांच्या घरून डबा आला. मधे एकदा नळाला पाणी आलं, तर डबा ओट्यावर ठेवून ते भांडूनही गेले होते. त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा पोटभर जेवले. हे मुकुलला कसं सांगायचं?

शनिवारी पाणी आलं. मास्तर फाटकाशी गेले. पलीकडं मोटरचा आवाज नव्हता. सत्तरी ओलांडलेले बसलिंगप्पा भरलेली घागर घेऊन गच्चीचा जिना चढत होते, दर पायरीला थांबत.

"मोटर लाव की," मास्तर हळूच म्हणाले.

बसलिंगप्पांनी घागर पायरीवर टेकवली. धाप ओसरेपर्यंत ते कठड्याला धरून उभे राहिले.

"न्हाई सर. लिहून दिलंय म्या."

सर! बावीस वर्षांत बसलिंगप्पांनी अशी हाक कधी मारली नव्हती. मास्तरांच्या तोंडात एक कचकचीत शिवी आली. त्यांनी वळून मुकुलच्या खिडकीकडं पाहिलं आणि ती गिळून टाकली.