उणे चाळीस

दलालाने ऑर्डरचे कागद टेबलावर पसरले, तरी कुमुदताईंचा हात पेनाकडे गेला नाही. त्यांच्या फौंड्रीतले दोन हजार व्हॉल्व्ह आखातातल्या बंदरात जाणार होते.

"उणे चाळीस अंशांतही तडकायला नकोत, असं लिहिलंय. वाळवंटात एवढी थंडी कधीपासून पडायला लागली?"

"माल तिथनं पुढं कुठं का जाईना! कागदावर नाव वाळवंटाचंच आहे, ताई."

शेजारच्या फौंड्रीचा माल असाच फिरून निर्यातीला बंदी असलेल्या देशात सापडला होता. तेव्हापासून परदेशातलं एकही गिऱ्हाईक त्या फौंड्रीवाल्यांना दारात उभं करत नव्हतं.

ताईंनी पेन उचललं, तसा दलालाचा चेहरा खुलला. सहीची जागा मोकळी सोडून त्यांनी लिहिलं, "बर्फ पडतो त्या गावाचा पत्ता आणा. लगेच भट्टी पेटवते."