आख्ख्या ॲपचं सेटिंग

पाटणच्या घरातनंच कंपनीचं काम करणारा जयराज हाताखालच्या पोरावर फोनवरच तुटून पडला. "एका विंडोतली अक्षरं बारीक दिसत हुती. तेवढीच मोठी करायची सोडून आख्ख्या ॲपचं सेटिंग बदललंस व्हय रं? आता चांगल्या चाललेल्या विंडोंचीबी पार वाट लागली. त्यांनी काय घोडं मारलं हुतं तुझं?"

फोन टेबलावर आदळून तो वळला. दारात धाकटी बहीण साक्षी चहा घेऊन उभी होती. तिनंही कप तसाच आदळला. चहा लॅपटॉपपर्यंत उडाला.

"पळून जाऊन लग्न ताईनं केलं, दादा. मग माझं कॉलेज कशाला बंद केलंस? मी काय घोडं मारलं हुतं तुझं?"